उशिराच्या शुभेच्छा

मुलांच्या हक्कांसाठी आयुष्य वेचणारी माणसं विरळाच जन्माला येतात. अशा एका माणसाच्या हाताखाली उमेदवारी करायची संधी मला मिळाली, त्यांच्या सहवासात माझी दृष्टी घडली आणि आज मी जी काही आहे त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. त्यांना मुलं आवडत नसत.

म्हणजे राग वगैरे नव्हता. एसटीत शेजारी येऊन बसलेल्या अनोळखी माणसाविषयी आपल्याला जेवढं वाटतं, तेवढंच त्यांना मुलांविषयी वाटे. मुलांचे हात चिकट असतात, ती एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात आणि त्यांच्याशी बोलायला विषय नसतो, अशी त्यांची तक्रार होती. "मुलांशी नेमकं काय बोलायचं असतं?" असं त्यांनी मला एकदा अगदी गंभीरपणे विचारलं होतं. स्वतःला मूल नव्हतं. बायको माध्यमिक शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे घरीही हा विषय कुणी काढत नसावं.

पहिल्याच आठवड्यात मी धीर करून विचारलं, "मग सर, तुम्ही या क्षेत्रात कसे आलात?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "आवडणाऱ्या मुलांचं भलं होतंच. लोक कडेवर घेतात, खाऊ देतात. त्यांना हक्क कशाला पाहिजेत? हक्क लागतात ते कुणाला न आवडणाऱ्या पोरांना. आता मला एकही आवडत नाही म्हटल्यावर सगळ्यांकडे सारखंच लक्ष राहतं." आणि कप उचलला.

मी मूळची अंबाजोगाईची. पुण्यात समाजकार्याची पदवी घेत असताना एका आंतरराष्ट्रीय संस्थेत इंटर्नशिपसाठी अर्ज केला. इंग्रजीत मुलाखत झाली, पडद्यावर तीन देशांतली तीन माणसं होती. माझ्याबरोबरच्या एकीला बँकॉक मिळालं, एकाला नैरोबी. मला बीड मिळालं. घरी आधीच पेढे वाटून झाले होते. आई म्हणाली, "बरं झालं, शनिवारी येता येईल." मामांनी मात्र दोनदा विचारून घेतलं, बीडला पासपोर्ट लागतो का म्हणून.

कार्यालय ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर होतं. पाटीवर पृथ्वीचा गोल हातात धरलेलं हसरं मूल होतं आणि जिन्यात ग्रीसचा वास. सरांनी पहिल्या दिवशी माझं काम समजावून सांगितलं. "बघायचं. मध्ये पडायचं नाही. फोटो काढायचे नाहीत, गाणी घ्यायची नाहीत, चॉकलेट वाटायचं नाही."

"चॉकलेट का नाही, सर?"

"तुम्हाला रेशन कार्ड काढताना अधिकाऱ्यानं चॉकलेट दिलं तर कसं वाटेल?"

मुलांना ते अहो-जाहो करत. तीन वर्षांच्या नाक गळणाऱ्या पोरीलाही, "तुम्ही जेवलात का?" आधी ती मुलं मागं वळून बघत, कुणी पाहुणा आलाय का म्हणून. मग हळूहळू सरळ उभी राहत. मी एका अंगणवाडीत बघितलं, एक पोरगं सरांशी बोलण्याआधी शर्टाची बटणं लावून आलं आणि म्हणालं, "बोला." सरांचं त्याच्याशी बोलणं बाजार समितीतल्या दोन व्यापाऱ्यांसारखं झालं. त्याला खिचडीत मीठ जास्त वाटत होतं. सरांनी ते ऐकून घेतलं, चव घेतली, सेविकाबाईंना सांगितलं आणि जाताना त्याला नमस्कार केला. गाल वगैरे काही ओढला नाही.

अहवालांवरून संस्थेच्या दिल्ली कार्यालयाचं आणि त्यांचं कायम वाजे. दिल्लीला यशोगाथा हव्या असत. सर लिहीत: 'मुलगी शाळेत जात नव्हती. आता जाते.' दिल्लीहून उत्तर येई की यात भावनिक बाजू कमी पडते आहे. सर विचार करून दुसरा मसुदा पाठवत: 'मुलगी शाळेत जात नव्हती. आता जाते. तिला सायकल हवी आहे.' मलाही दर आठवड्याला दिल्लीला कळवायचं असे की या आठवड्यात मी काय शिकले. एकदा मी बराच वेळ कोऱ्या पडद्याकडे बघत बसलेली पाहून ते म्हणाले, "लिहा, मांजरसुंब्याच्या चौकात कुणाचा फोटो डावीकडून उजवीकडे गेला ते."

कारण फ्लेक्स हा त्यांचा खरा अभ्यासाचा विषय होता. आमच्या जिल्ह्यात माणूस निवडून आला, पडला, वाढदिवस झाला, नियुक्ती झाली, नियुक्ती रद्द झाली, तरी चौकात फ्लेक्स लागतो. वर मोठ्या नेत्यांचे गोल फोटो, मध्ये कानाला फोन लावलेला किंवा गॉगल घातलेला सत्कारमूर्ती, खाली मुंगळ्यांच्या रांगेसारखे शुभेच्छुक. दौऱ्यावर निघालो की सर मांजरसुंब्याला जीप थांबवत, चहा सांगत आणि लोक पेपर वाचतात तसे फ्लेक्स वाचत. "हे बघा, मागच्या महिन्यात हा वरच्या ओळीत होता. आता शुभेच्छुकांत आलाय. काहीतरी बिनसलंय." पंधरा दिवसांनी ते खरं निघे. स्वतः मात्र सत्कारांना भीत. कुणी फेटा बांधायला आलं की म्हणत, "राहू द्या, डोकं मला लागतं." कार्यक्रमात व्यासपीठावर न बसता दाराशी, चपलांजवळ बसत. माणसं कोणत्या वाक्याला उठून जातात ते तिथून कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

ते उमापूरचे. मोठं शेतकरी घराणं, भाऊ गावकीच्या राजकारणात. भावाचा फोन आला की सरांची प्रमाण मराठी दोन वाक्यांत संपायची. "न्हाई रे, मी काल गेलतो... लई झालं आता, तुमच्या पॅनेलमधी मला कावून वढता?" फोन ठेवला की लगेच, "हं, तर आपण कुठे होतो?"

आता त्या मुलीविषयी. तिचं नाव मी लिहीत नाही, मुलांची ओळख उघड करायची नाही असा आमच्या क्षेत्राचा नियम आहे. ते नाव एकेकाळी रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक जीपला वाचता येत होतं, हा भाग वेगळा.

धारूरच्या पुढे, डोंगराच्या अंगाला एक वाडी आहे. बहुतेक घरांत शेळ्या, थोडी कोरडवाहू जमीन आणि दसरा झाला की ऊसतोडीला जाणं. तिथं आमची बालपंचायत होती. बालपंचायत म्हणजे मुलांनी आपल्या अडचणी स्वतः मांडून ठराव करायचे, अशी संस्थेच्या मुख्यालयातून, जिनिव्हाहून आलेली कल्पना. बहुतेक गावांत तिचं काय होई ते सांगते: सरपंचाचा मुलगा बालसरपंच म्हणून बिनविरोध निवडून येई आणि त्याचा फ्लेक्स लागे. या वाडीत मात्र खरी निवडणूक झाली आणि ही मुलगी निवडून आली. नववीतून दहावीत गेलेली, आवाज खणखणीत. शाळेच्या ओट्यावर पत्ते खेळणाऱ्या बाप्यांना तिनं ठराव करून उठवलं होतं. सर बालपंचायतीत बोलत नसत. सभा कशी चालवायची एवढं त्यांनी एकदा शिकवलं होतं: विषय, सूचक, अनुमोदक, तटस्थ, ऐनवेळचे विषय. मुलांनी ते खेळाच्या नियमांसारखं पाठ केलं होतं.

भाद्रपदातल्या त्या सभेत ती गप्प गप्प होती. हातपंपाचा विषय झाला, खिडकीच्या तावदानाचा झाला. मग ती म्हणाली, "ऐनवेळचा एक विषय हाय. त्याला अध्यक्षाची परवानगी लागती. अध्यक्ष मीच हाय, तर दिली."

मुलं हसली.

"माझं लगीन ठरलंय. दसऱ्याच्या आत. ते करू न्हाई, असा ठराव मांडते."

हसणं थांबलं. एक मुलगी म्हणाली, "अनुमोदन." मागून एकानं विचारलं, "लगीन रद्द झालं तर बुंदी बी रद्द का?"

"बुंदी खायला जगतू का बे तू?" त्याचाच भाऊ त्याच्यावर खेकसला.

"मी नुसतं इचारलं. मी तटस्थ."

ठराव मंजूर झाला. सर दाराशी चपलांजवळ बसले होते. ते उठून तिच्यासमोर गेले आणि म्हणाले, "तुमचा ठराव मिळाला." एवढंच. जीपमध्ये बसल्यावर मी काहीतरी हळहळीचं बोलले असेन. ते म्हणाले, "ठराव झालाय. आता अंमलबजावणी आपल्याकडे आहे."

ऊसतोडीला माणूस एकटा जात नाही, जोडी जाते. नवराबायकोच्या जोडीलाच तिथं कोयता म्हणतात. नवऱ्यामुलाला यंदा स्वतःचा कोयता हवा होता, म्हणून त्याला बायको हवी होती. लग्नाला मुहूर्त नव्हता. मुकादमाचा ट्रक येणार होता, तोच मुहूर्त.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या वडिलांकडे गेलो. शेळ्यांसाठी बाभळीचा पाला तोडून आणलेला होता, तो टाकता टाकता ते बोलत होते. माणूस कडक नव्हे, मऊ स्वभावाचा. सरांनी कायदा सांगितला, शिक्षा सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, तुमी म्हणता ते समदं बराबर हाय. मला बी हौस न्हाई पोरीला उसात घालायची. पर आमी दोघं गेल्यावर उन्हाळ्यापत्तुर वाडीत ऱ्हातंय कोण? म्हातारी माणसं न् कुत्री. ही एवढी वाढलेली पोर कुणाच्या जिवावर ठिवू? तुमी सांभाळता का?"

"नाही," सर म्हणाले. "मला मुलं सांभाळता येत नाहीत."

बाप एकदम हसला. हे उत्तर त्याला अपेक्षित नसावं. मग हसू गेलं. "मंग? तुमचा कायदा सांच्याला दाराची कडी लावाया येतोय का?"

मुलगी दाराच्या आत उभी होती, तिची सावली उंबऱ्यावर पडली होती. परत येताना सर म्हणाले, "त्यांचा प्रश्न बरोबर आहे. उत्तर चुकलंय. आणि आपल्याकडे उत्तरच नाही, नुसतं चूक दाखवणं आहे."

नियमाप्रमाणे गावात बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकाची. ते भले गृहस्थ होते. त्यांनी चहा मागवला आणि कपाटातून लग्नाची पत्रिका काढून दाखवली. निमंत्रकांत त्यांचंच नाव होतं. "मला न इचारता छापलं, सर. आता मी कसं थांबवू? आन् थांबवलं तर काय व्हतंय तुमाला म्हाईतच हाय." सरांना माहीत होतं. पोलिसांनी थांबवलेलं लग्न तिसऱ्या दिवशी दुसऱ्या तालुक्यात, एखाद्या देवळात, चार माणसांत लागतं. मुलीचा जन्म उसाच्या फडात झालेला, जन्माचा दाखला नाही. शाळेतल्या नोंदीत वय होतं, पण ती बघायला लग्नात कोण जातं? अठरा पूर्ण आहेत म्हणून बापानं सांगितलं की भटजींना अठराच.

घटस्थापनेच्या दिवशी आम्ही मांजरसुंब्याला चहाला थांबलो होतो. समोर कुण्या युवा नेत्याच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. आकडा माणसापेक्षा मोठा, सोनेरी. सर त्याच्याकडे बघत राहिले, चहा निवला. मग म्हणाले, "अख्ख्या जिल्ह्याला याचं वय माहीत झालं."

"हो सर."

"हा आता चोवीसचा आहे असं सांगू शकत नाही."

मला तरीही कळलं नव्हतं. ते उठले आणि जीप सरळ वाडीकडे नेली. शाळा सुटली होती. मुलीला त्यांनी पारावर बसवलं, स्वतः समोर उभे राहिले आणि विचारलं, "तुमच्या वाढदिवसाचा फ्लेक्स फाट्यावर लावला तर तुमची हरकत आहे का? त्यावर तुमचं वय मोठ्या आकड्यात असेल. लोक बोलतील, घरचे रागावतील. नको असेल तर नको म्हणा, दुसरं काहीतरी बघू."

तिनं जरा वेळ विचार केला. "केवढा मोठा?"

"मोठा."

"माझा वाढदिवस तर जूनमधी असतोय." खरं होतं. आमच्याकडे जुन्या गुरुजींनी जन्मतारखा विचारण्यात वेळ घालवला नाही. नाव घालायला आणलेलं प्रत्येक मूल एक जूनला जन्मल्याचं लिहून टाकलं, आणि ती पद्धत या शाळेत अजून चालू होती.

"उशिरा शुभेच्छा देणं गुन्हा नाही," सर म्हणाले.

मग तिचं तोंड फुललं. तिला फोटो नेत्यांसारखा हवा होता, कानाला फोन लावून. सर म्हणाले, हक्क आहे त्यांचा. माझा फोन घेऊन ती उभी राहिली. "हॅलो, हॅलो, बोला," असं उगाचच म्हणत होती, कारण नुसता कानाला लावला तर खरं वाटत नाही, असं तिचं मत. मैत्रिणीच्या भावाचा गॉगलही आणला होता. सरांनी तोही लावू दिला.

धारूरच्या फ्लेक्सवाल्यानं विचारलं, "मागं काय टाकू? वाघ का सिंह?"

"काही नको."

"रिकामा फ्लेक्स कुणी वाचत न्हाई, सर. पोरगी हाय, तर पंख टाकतो."

उगवत्या सूर्यावर तोड निघाली. आता मजकूर. वर त्या भागातले जिल्हा परिषदेचे सदस्य, त्यांना सगळे तात्या म्हणत, हात जोडलेले. तात्यांना विचारलं का? नाही. आमच्याकडे नेत्याचा फोटो लावायला नेत्याला विचारायची पद्धत नाही, लावला नाही तर मात्र विचारणा होते. मध्ये मुलगी, फोनवर बोलताना. शेजारी सोनेरी आकड्यात १५. खाली: 'आमच्या बालसरपंच यांना पंधराव्या वाढदिवसाच्या (उशिरा) हार्दिक शुभेच्छा!' आणि त्याखाली लाल अक्षरांत सरांचं खरं काम होतं: 'त्यांच्या दहावीच्या शिक्षणाची व वसतिगृहाची संपूर्ण जबाबदारी स्वीकारल्याबद्दल आदरणीय तात्यांचे जाहीर आभार. शुभेच्छुक: समस्त बालपंचायत.'

"तात्यांनी जबाबदारी घेतली?" मी विचारलं.

"अजून नाही. त्यांना कळलेलं नाही."

तात्यांची शिक्षणसंस्था होती, तालुक्याच्या गावी मुलींचं वसतिगृह होतं. नेत्याकडे या दोन गोष्टी असतातच. फ्लेक्सचे पैसे सरांनी स्वतःच्या खिशातून दिले. संस्थेच्या अंदाजपत्रकात उगवत्या सूर्याला तरतूद नव्हती.

फ्लेक्स वाडीच्या फाट्यावर लागला. लग्नाला येणारा प्रत्येक माणूस त्याच्या खालून जाणार होता. दुपारपर्यंत त्याचा फोटो व्हॉट्सॲपच्या सगळ्या गटांवर फिरला. कुणीतरी विचारलं, जूनचा वाढदिवस आता कावून? दुसऱ्यानं लगेच खुलासा केला, तात्यांची तारीख मिळत नसंल. सगळ्यांना पटलं.

आणि मग गोष्टी आपोआप घडत गेल्या. लग्न लावणारा, मांडव घालणारा, वाजवणारा, सगळे कायद्यानं गुन्हेगार ठरतात, हे सर वर्षानुवर्षं सांगत होते आणि लोक वर्षानुवर्षं माना डोलावत होते. आता भटजींनी आजारी असल्याचं कळवलं. मांडववाल्याचे बांबू संपले. नवऱ्यामुलाचा चुलता फाट्यावर आला, खाली उभा राहून वर बघितलं आणि फोनवर म्हणाला, "पंधरा काढलंय चौकात, आन् वर तात्या हात जोडून हुबे हायती. कोण घालतंय हात?" फ्लेक्स फाडायची कुणाची टाप नव्हती. मुलीच्या फोटोला कुणी भीत नव्हतं, तात्यांच्या फोटोला भीत होते.

संध्याकाळी तात्यांचा फोन आला. सरांनी स्पीकर लावला, बहुधा मी शिकावं म्हणून.

"सर, ही जबाबदारी आमी कवा घेतली?"

"घेतली नसेल तर चूक झाली, तात्या. उद्याच दुरुस्तीचा फ्लेक्स लावतो."

"कसला दुरुस्तीचा?"

"तात्यांनी जबाबदारी घेतलेली नाही, असा."

तात्या खाकरले. मग, "ऱ्हाऊ द्या. आकार केवढा हाय?"

"दहा बाय पंधरा."

"फोटू जुना घेतलाय तुमी. तवा मिशा काळ्या व्हत्या. नवा पाठवतो." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "पोरीला सोमवारी पाठवा. वसतिगृहाच्या बाईंना सांगून ठिवतो."

पण त्याच्या आधी बाप आला. जिन्यात त्याचे पाय वाजले तेव्हाच कळलं, रागात आहे. तो थेट सरांच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

"हे काय केलं, सर? चार माणसांत माझं हसं केलं. मुकादम म्हणतो, तुझ्या पोरीचं वय बसस्टँडवर लावलं. आता सोयरीक मोडली. ट्रक आठ दिसांवर आला. आता हिला कुठं ठिवू? तुमच्या फ्लेक्सवर?"

सर उभे राहिले. त्यांना माफीसाठी हात जोडायची सवय नव्हती, तरी जोडले. "हसं झालं ते माझ्यामुळे. त्याची माफी मागतो. तुम्ही त्या दिवशी विचारलंत, कडी कोण लावणार. वसतिगृहाला कडी आहे, आतून. बाई आत राहतात. मी तिथं जाऊन स्वतः लावून बघितलीय." हे मला माहीत नव्हतं. आदल्या दिवशी ते एकटेच जीप घेऊन गेले होते ते यासाठी. "तुम्हीही बघा. नाही पटली, तर पोरीला घेऊन जा. मी मध्ये पडणार नाही."

बापानं बघितली. सोमवारी आम्ही सगळे गेलो होतो. त्यानं कडी दोनदा लावली, दोनदा काढली, दार खांद्यानं ढकललं. खिडक्यांचे गज हलवून बघितले. बाईंना विचारलं, रातच्याला पोर आजारी पडली तर कोण हाय? मग पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर आला. येताना फाट्यावर त्यानं जीप थांबवायला लावली, फ्लेक्सखाली उभा राहिला आणि मला म्हणाला, "ताई, एक फोटू काढा. तिकडं उसात कुणी इचारलं तर दाखवाया पायजे, पोरगी कुठं हाय म्हणून." फोटो काढायचे नाहीत हा नियम होता. मी सरांकडे बघितलं. ते एक जुना फ्लेक्स फार लक्ष देऊन वाचत होते.

त्या हंगामभर सर दर शनिवारी वसतिगृहात जात. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत, ती समोर बसे. "तुमची काही तक्रार?" "डाळ पातळ हाय." ते स्वयंपाकघरात जात. परत येऊन बसत. मग दोघंही गप्प. एकदा तिनंच त्यांची दया येऊन विचारलं, "सर, तुमाला कंटाळा येतोय का?" ते म्हणाले, "हो. पण तुम्ही सावकाश सांगा." बाहेर आल्यावर मला म्हणाले, "हुशार आहेत. विषय मात्र नसतो काही."

फ्लेक्सचा फोटो फिरत फिरत दिल्लीला पोहोचला, तिथून जिनिव्हाला. एक दिवस पडद्यावर पाच माणसं जमली. मुलाची ओळख उघड करणं, नाव, गाव, वय, छायाचित्र, राजकीय व्यक्तीसोबत. धोरणाच्या जवळजवळ प्रत्येक ओळीचा भंग झाला होता. जिनिव्हाच्या बाई खूप सौजन्यानं विचारत होत्या. मुलीची संमती होती का? होती. ओळख कितपत उघड झाली? "दहा बाय पंधरा फूट," सर म्हणाले. लग्नाचं काय झालं, हा प्रश्न त्यांच्या यादीत शेवटी होता आणि त्यासाठी वेळ उरला नाही.

सरांचा करार पुढं वाढवला गेला नाही. मी संतापले होते, निषेधाचं पत्र लिहायला घेतलं होतं. सरांनी ते वाचलं, त्यातली दोन विशेषणं काढली आणि मग म्हणाले, "पाठवू नका. त्यांचा नियम बरोबर आहे. उद्या दुसरा कुणी मुलींचे फोटो चौकात लावेल, तो विचारणार नाही त्यांना. नियम बरोबर आहे आणि मी तो मोडला. दोन्ही असू शकतं." टेबलाच्या खणात त्यांचं असं काही निघालं नाही. एक पंचा आणि चहाचा कप घेऊन ते ग्रीसच्या वासाच्या त्या जिन्यानं खाली गेले. आता उमापूरला असतात. भावाच्या पॅनेलमध्ये अजून गेलेले नाहीत. गेल्या दिवाळीत मी भेटायला गेले तेव्हा पुतण्याचं पोरगं त्यांच्या मांडीवर झोपलं होतं. मी काही बोलण्याआधीच ते म्हणाले, "उठवता येत नाही."

ती मुलगी दहावी झाली, बारावी झाली, लातूरला नर्सिंगला आहे. लग्नाचं विचारलं तर म्हणते, बघू, विषयपत्रिकेवर नाही.

मी त्याच संस्थेत राहिले. सध्या नव्या लोकांना बालसंरक्षण धोरण शिकवणं माझ्याकडे असतं. त्या प्रकरणानंतर धोरणात एक कलम वाढवण्यात आलं: 'कोणत्याही मुलाच्या अथवा मुलीच्या वाढदिवसाचे फलक सार्वजनिक चौकात, लोकप्रतिनिधींच्या छायाचित्रांसह अथवा त्यांविना, लावू नयेत.' ते सहा भाषांत आहे आणि संस्थेच्या सर्व देशांना लागू आहे. गेल्या वर्षी बोलिव्हियाच्या कार्यालयानं लेखी कळवलं, की त्यांच्याकडे असा एकही फलक आढळलेला नाही.